रडणं गोळा करणारी नीलाक्का

"तुमच्यात माणूस गेलं की रडतं कोण?"

नीलाक्कानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव, गाव, आडनाव हे सगळं त्यानंतर. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं होती. कोल्हापुरात विद्यापीठाच्या मराठी विभागात मी नुकताच हंगामी अधिव्याख्याता म्हणून लागलो होतो. विभागात एक लांबट खोली होती. तिथं पीएच.डी. करणारी मंडळी आणि माझ्यासारखे कायम न झालेले शिक्षक एकाच टेबलाभोवती बसत. त्या टेबलाच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, पंचेचाळिशीची एक उंच, हाडकुळी बाई बसली होती. अंगावर इरकली साडी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला.

मी म्हटलं, आमची आत्या रडते. चांगली मोठ्यानं रडते.

"शब्द घालून का नुसतीच?"

"शब्द घालून."

"मग पत्ता दे तिचा," म्हणून तिनं वही उघडली.

आत्या कसबा बावड्यात राहायची. पुढच्या शनिवारी नीलाक्का तिच्या दारात हजर. आत्यानं मला निरोप धाडला की असली बाई पुन्हा घराकडं पाठवू नकोस. पण त्याच दिवशी ती नीलाक्काला घेऊन नदीकडच्या मळ्यात गेली होती, तिथं बांधावर बसून दोन तास सगळं म्हणून दाखवलं होतं, आणि परत आल्यावर डोक्यावरनं पाणी घेऊन मगच चुलीपुढं गेली होती.

नीलाक्का म्हणजे नीलांबिका शेटे. गडहिंग्लजला वडिलांचं भुसारी दुकान, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिथल्याच मुलींच्या शाळेत ती मराठी शिकवायची. लग्न केलं नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की एस.टी. पकडून कोल्हापूर गाठायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. किती वर्षं हे चाललं होतं ते तिलाच ठाऊक. मी आलो तेव्हा विभागातले शिपाईसुद्धा तिला अक्काच म्हणत. मला मात्र ती 'तम्मा' म्हणायची. तिच्याकडं धाकट्या भावाला म्हणतात तसं. सर म्हण म्हणून मी कधी सुचवलं नाही. सुचवूनही काही झालं नसतं.

तिच्या प्रबंधाचं नाव नोंदणीच्या कागदावर 'सीमाभागातील स्त्रियांची शोकगीते' असं होतं. हे नाव तिचे मार्गदर्शक रणदिवे सरांनी दिलं होतं. ती स्वतः तो शब्द कधी वापरायची नाही. "गीत कुठलं त्यात? रडणं हाय ते," म्हणायची. मेलेल्या माणसाजवळ बसून, त्याचं सगळं आयुष्य आठवून आठवून, हेल काढत बायका जे बोलतात ते रडणं. कुणी किती दुधाची म्हैस पाळली, कुणी कुणाला उपाशी ठेवलं, सगळं त्यात येतं. नीलाक्कानं चंदगडपासून कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत गावोगाव फिरून हे रडणं टेपवर घेतलं होतं.

हे काम का घेतलं, असं मी एकदा विचारलं होतं. तिची आई गेली तेव्हा घरात पुष्कळ बायका जमल्या, पण रडता येणारी एकही उरलेली नव्हती. सगळ्या नाकाला पदर लावून गप्प बसल्या. "माझ्या अव्वाला कुणी काय सांगितलंच न्हाई बघ," ती म्हणाली. "तशीच गेली ती." एवढं बोलून तिनं विषय बंद केला, आणि पुन्हा कधी काढला नाही.

या रडण्याचा एक नियम होता आणि तो नीलाक्का देवधर्मापेक्षा कडक पाळायची. घरात मढं नसताना घरात बसून रडणं म्हणायचं नाही. म्हटलं तर घर ते ओढून घेतं. म्हणून प्रत्येक बाई तिला उंबऱ्याबाहेर न्यायची. कुणी विहिरीवर, कुणी बांधावर, कुणी गावाबाहेरच्या चिंचेखाली. एकदा विभागात चर्चासत्र होतं, आणि रणदिवे सरांनी तिला नमुना म्हणून दोन ओळी म्हणायला सांगितल्या. नीलाक्का म्हणाली, सगळ्यांनी उठा. चाळीसेक माणसं तिनं सभागृहातून बाहेर काढली, रस्ता ओलांडून समोरच्या मोकळ्या रानात नेऊन उभी केली, आणि मग म्हटलं. एरवी तिचा आवाज बाजारातल्यासारखा, ग्रंथपालानं तिला दोनदा लेखी ताकीद दिलेली. पण त्या दिवशी तो आवाज असा काही खाली उतरला की कुणाला कुठं बघावं कळेना. झाडलोट करणारी आमची कृष्णाबाई हातातला खराटा घेऊनच पळत आली आणि विचारायला लागली, कोण गेलं, कोण गेलं. तिला समजावून परत पाठवायला वेळ लागला. सभागृहात परत शिरण्याआधी नीलाक्कानं सगळ्यांना चूळ भरायला लावली. बाहेरगावचे दोन प्राध्यापक हसत होते, पण चूळ त्यांनीही भरली.

कामात ती भयंकर काटेकोर होती. टेप चालू केली की आधी स्वतःच्या आवाजात वार, तिथी, गाव, घर, सांगणारीचं नाव, विचारणारीचं नाव आणि जवळपास हजर असलेल्या प्रत्येकाचं नाव सांगायची. कुणी पोर मधेच येऊन उभं राहिलं तर त्याचंही. कॅसेटवर हिरव्या शाईनं तेच पुन्हा लिहायची. एका तळटीपेत अमावस्येऐवजी चतुर्दशी पडली म्हणून तिनं टंकलेखकाकडून सबंध प्रकरण पुन्हा करून घेतलं होतं. त्यानंतर तो टंकलेखक तिला बघितलं की दुकानाचं अर्धं शटर ओढायचा. आणखी एक सवय म्हणजे पोस्टकार्डं. ज्या ज्या बाईनं रडणं सांगितलं तिला संक्रांतीला कार्ड, दिवाळीला कार्ड. बाईला वाचता येत नसलं तरी. "कुणीतरी वाचून दाखवंल की," म्हणायची.

गंगव्वाचं नाव मी तिच्याकडूनच ऐकलं. चंदगड भागात एका फाट्यावर गाडीची वाट बघत असताना कुणा बाईनं तिला सांगितलं होतं, रडणं पाहिजे तर गंगव्वाकडं जा. गंगव्वाकडून तिला अकरा रडणी मिळाली. एवढी कुणाकडूनच मिळाली नव्हती, आणि इतकी जुनीही नव्हती. त्यातले काही कानडी शब्द तर आता बोलण्यात राहिलेलेही नाहीत. रणदिवे सर खूश होते. या अकरांमुळं प्रबंध वेगळा होणार, असं ते म्हणायचे.

तिच्या शेवटच्या खेपेला मी बरोबर होतो. त्या भागातल्या एका कॉलेजात परीक्षा चालू होती आणि कॉपी पकडण्याच्या भरारी पथकात माझी नेमणूक झाली होती. पहिला पेपर सुरू झाला, सही झाली, आणि मी पथकातल्या दुसऱ्या शिक्षकाला सांगून सटकलो. फाट्यावर नीलाक्का भेटली, तिनं चल म्हटलं, मी गेलो. काही वाईट करतोय असं तेव्हा वाटलंही नाही.

एप्रिलचं ऊन होतं. भर दुपार. गावापासून बाजूला, काजूच्या झाडांतून वाट होती, आणि गळून पडलेल्या बोंडांचा आंबूस वास सगळीकडं. वाटेच्या शेवटी एक कौलारू घर. दार उघडं होतं. नीलाक्कानं मला बाहेर सोप्यात बसवलं, म्हाताऱ्या बाईला पुरुषमाणूस समोर नको म्हणून, आणि ती आत गेली. दारातून मला एवढंच दिसत होतं: समोरच्या भिंतीला टेकून, मांडी घालून, ताठ बसलेली एक बाई. फिकट लुगडं. तोंडावर अंधार.

नीलाक्कानं टेप चालू केली. वार, तिथी, गाव. "सांगणार गंगव्वा, विचारणार नीलांबिका शेटे. बाहेर सोप्यात पोवार सर." मग गंगव्वा म्हणायला लागली.

तो आवाज म्हाताऱ्या बाईचा वाटला नाही. भरलेला, न थकणारा आवाज होता. अर्धं मराठी, अर्धं कानडी. ती कुणा एका बाईला उद्देशून म्हणत होती, एवढं मला कळत होतं. तू भाताला वाकलीस, तू म्हशीमागं धावलीस, तुझ्या कानातलं तुटलं तेव्हा तू रडली नाहीस, असं काहीतरी. तासभर ते चाललं. मी घामानं भिजून तिथं पोचलो होतो, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की माझे हातपाय गार पडलेत. तेवढ्या वेळात कुणी आलं नाही की गेलं नाही. कुत्रं भुंकलं नाही. आमच्या भागात अनोळखी माणूस दारात बसलेलं दिसलं की पोरंसुद्धा 'पावणं कुठलं?' म्हणून विचारतात. मला कुणी विचारलं नाही.

शेवटी नीलाक्काचा आवाज आला. घरात कुणी गेलेलं नाही, आणि तुम्ही आत बसून म्हणता, ते चालतं का, असं ती विचारत होती. त्यावर गंगव्वा जे बोलली ते मी स्पष्ट ऐकलं.

"कुणी गेलं न्हाई म्हणून तुला कुणी सांगितलं?"

टेप बंद झाल्याचा खटका ऐकू आला. नीलाक्का बाहेर आली आणि चपला घालून चालायला लागली. अर्ध्या वाटेवर मी म्हटलं, अक्का, पाणीसुद्धा विचारलं नाही म्हातारीनं. ती म्हणाली, "मलाबी कधी दिलं न्हाई. ही चौथी खेप." आणि ती भराभर पुढं गेली. 

प्रबंध सादर झाला. बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल चांगले आले. खुल्या मौखिक परीक्षेची, म्हणजे आमच्या भाषेत व्हायव्हाची, तारीख लागली. नीलाक्काला शाळेत बढती मिळायची तर ती याच पदवीवर, आणि तिच्या मुख्याध्यापिका स्टाफरूममध्ये तिला 'रडूबाई' म्हणून हाक मारायच्या हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी ती नवी हिरवी इरकली नेसून आली. रणदिवे सरांनी सांगितलेलं नसताना सगळ्यांसाठी घरून हुग्गी करून आणली होती. गव्हाची ती खीर पितळी डब्यात, वर फडकं बांधून. आणि तिच्या स्वभावाप्रमाणं तिनं आणखी एक गोष्ट केली होती. रडणं सांगणाऱ्या प्रत्येक बाईला पोस्टकार्ड टाकून व्हायव्हाचा दिवस आणि वेळ कळवली होती. यातली एकही येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी कळवायचं.

सभागृहात पन्नास-साठ माणसं होती. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. व्यासपीठावर अध्यक्ष, रणदिवे सर, आणि मराठवाड्याकडून आलेले बाहेरचे परीक्षक. हे परीक्षक बारीक आवाजात, अतिशय सभ्यपणे बोलत. त्यांनी प्रबंध ओळ न् ओळ वाचला होता. अर्धा तास नीलाक्कानं नीट उत्तरं दिली. शुद्ध भाषेत, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर बोलावं तशी. मग परीक्षकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तिसऱ्या प्रकरणात आपण म्हणता की घरात मृत्यू झालेला नसताना कुठलीही स्त्री घरात बसून हे म्हणत नाही. एकही अपवाद आढळला नाही, असं आपलं वाक्य आहे. परिशिष्टातल्या गंगव्वाच्या अकराही नोंदी मात्र घरातल्या आहेत. हे कसं?"

नीलाक्का म्हणाली, "मी त्यांना तेच विचारलं होतं." आणि तिनं गंगव्वाचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. मागं कुणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. अध्यक्षांनी विषय पुढं ढकलायचा म्हणून रीतीप्रमाणं विचारलं, उपस्थितांपैकी कुणाला काही शंका?

अगदी मागच्या रांगेत एक माणूस उभा राहिला. तिशीचा असेल. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, हातात पोस्टकार्ड.

"मला शंका न्हाई," तो म्हणाला. "मी कागलच्या एमआयडीसीत असतोय. गावच्या पोस्टमननं हे कार्ड माझ्याकडं लावून दिलंय. हे आमच्या अज्जीच्या नावानं हाय. गंगव्वा आमची अज्जी. अज्जी जाऊन, लिंगैक्य होऊन, अकरा वर्सं झाली. घराला आठ वर्सं कुलूप हाय. तर मला एवढंच विचारायचं हुतं की हे कार्ड कोण धाडतंय."

 नीलाक्का कठड्याला धरून उभी होती. तिनं त्याच्याकडं बघून विचारलं, "त्यांच्या उजव्या कानाची पाळी तुटलेली होती?"

 तो म्हणाला, "व्हय. म्हशीनं हिसडा दिलता, दाव्यात अडकून. माझ्या बापाच्या लहानपणची गोष्ट ती."

"कुठं ठेवलंय त्यांना?"

"घरामागंच. परड्यात. आमच्यात बसवून पुरत्यात ते तुम्हांस्नी म्हाईत असंल." एवढं बोलून तो खाली बसला, आणि कार्ड दोन्ही हातांनी धरून राहिला.

 अध्यक्ष म्हणाले की नावाचा घोटाळा असेल, दुसरी कुणी गंगव्वा असेल. पण याचा निकाल आत्ता लागू शकतो. बाईंनी लिहिलंय की प्रत्येक नोंदीची टेप आहे आणि टेपवर हजर असलेल्यांची नावं आहेत. टेप आणलीच आहे तर लावा. बरोबर आणखी कुणी असेल तर त्यालाही बोलावता येईल.

नीलाक्कानं पिशवीतून कॅसेट काढली. हिरव्या शाईचं लेबल मला दुसऱ्या रांगेतून दिसत होतं. त्या टेपच्या पहिल्या मिनिटात काय आहे हे त्या सभागृहात दोनच माणसांना माहीत होतं. त्यात माझं नाव होतं, पोवार सर, आणि ज्या दिवशी पोवार सरांनी परीक्षेच्या कामावर सही केली होती तो दिवस. माझी कायम होण्याची मुलाखत पुढच्या महिन्यात होती आणि मुलाखत घेणारे दोघे समोर व्यासपीठावर बसले होते. मला उठून एवढंच म्हणायचं होतं: मी होतो, मी ऐकलंय. मी माझ्या बुटांच्या नाड्यांकडं बघत बसलो.

तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. कॅसेट तिनं परत पिशवीत टाकली.

"टेप लावणार नाही."

"का बरं?" परीक्षकांनी विचारलं.

"चार भिंतीत लावायची नसते ती."

रणदिवे सरांनी तिला सावरायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, परिशिष्ट काढून टाकू. त्या अकरा नोंदी वगळूनही प्रबंध उभा राहतो. दोन ओळींचं पत्र द्या, समिती आजच शिफारस करील. परीक्षकांनी मान डोलावली. अध्यक्षांनी पेन उघडलं. मला हायसं वाटलं हेही सांगितलं पाहिजे.

नीलाक्काची शुद्ध भाषा तिथं संपली. "तिनं म्हटलंय ते, सर. मी समोर बसून घेतलंय," ती म्हणाली. "ते न्हाई म्हणायचं तर बाकीच्या बायकांचं तरी खरं कशावरनं?"

समितीनं शिफारस राखून ठेवली. सहा महिन्यांत खुलासा किंवा दुरुस्त प्रत, असं ठरलं. माणसं पांगली. हुग्गीला कुणी हात लावेना. मग नीलाक्कानं शिपायांना बसवलं, कृष्णाबाईला बसवलं आणि त्या निळ्या शर्टवाल्याला हाताला धरून आणून स्वतःच्या शेजारी बसवलं. त्याच्या पानात ती पुन्हा पुन्हा वाढत होती. तो जेवता जेवता काहीतरी विचारायचा आणि ती हळू आवाजात सांगायची. अज्जी काय म्हणाली हे विचारत असावा. मी दारातून बघितलं आणि परत फिरलो.

सहा महिने गेले. खुलासा आला नाही. मी कायम झालो. प्रबंधाची काळी बांधीव प्रत विभागाच्या कपाटावर वर्षानुवर्षं पडून राहिली. नीलाक्काचं शनिवारचं येणं बंद झालं. भिंतीकडची ती खुर्ची कुणाची तरी झाली. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात पुन्हा माझं पथक गेलं. या खेपेला मी पेपर संपेपर्यंत थांबलो आणि मग फाट्यापर्यंत चालत गेलो. काजूच्या वाटेच्या तोंडाशी उभा राहिलो. ऊन तसंच होतं, वास तोच. घराला कुलूप आहे का एवढं बघून यायचं होतं. पण पाय उचलेना. कुलूप असलं तरी भीती, नसलं तरी भीती. मी आलेली गाडी पकडली.

त्यानंतर दहा-बारा वर्षं गेली. रणदिवे सर निवृत्त होऊन राजारामपुरीत स्थायिक झाले होते. एका सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच गेले. मी पोचलो तेव्हा हॉलमध्ये सतरंजीवर पंधरा-वीस बायका बसलेल्या होत्या. कुणी हुंदकासुद्धा देत नव्हतं. कुणाच्या तरी पर्समध्ये मोबाईल थरथरत होता. मुलगा बंगळूरहून गाडीनं निघाला होता, तो येईपर्यंत थांबायचं होतं.

अकराच्या सुमारास नीलाक्का आली. केस पांढरे झालेले, पाठ किंचित वाकलेली. तिला कुणी कळवलं ते शेवटपर्यंत समजलं नाही. मी तरी कळवलं नव्हतं. ती सरळ आत गेली. सरांच्या डोक्याशी जाऊन बसली, पदर डोक्यावरून ओढून घेतला, आणि सुरुवात केली.

ती सरांना त्यांच्या पाळण्यातल्या नावानं हाक मारत होती. तुझा खडू, तुझी छत्री, जिना चढताना तू पायऱ्या मोजायचास. तुझी आई तुला शेवटची भाकरी ठेवायची. पाण्यात उतरू नको म्हटलं होतं रे, आणि वसंता हाका मारत होता, आणि तू काठावर उभा होतास. आता जा, वसंताचा हात धर. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि मग एक एक करून रडायला लागल्या. सरांच्या पत्नीनं, वहिनींनी, तेवढ्या वेळात पहिल्यांदाच तोंड उघडून हंबरडा फोडला.

रडणं संपलं तसं नीलाक्का उठली आणि चपला शोधत बाहेर गेली. वहिनींनी मला खुणेनं जवळ बोलावलं. 

"वसंता त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी बुडालेला. त्यांनी मला सगळ्या संसारात एकदाच सांगितलं होतं, तेही आजारात, तापात. ह्या बाईला कुणी सांगितलं?"

मी बाहेर धावलो. नीलाक्का फाटकाशी होती. मला बघून थांबली. कसा आहेस, पोरं काय करतात, असलं काही तिनं विचारलं नाही. मी इतकी वर्षं मनात तयार करून ठेवलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," ती म्हणाली.

रागानं नाही. परीक्षेत चुकलेलं उत्तर दाखवावं तसं.  तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग मी वहिनींचा प्रश्न तिला विचारला. वसंताचं तुम्हाला कुणी सांगितलं?

नीलाक्कानं माझ्याकडं नीट बघितलं. तिच्या डोळ्यांत खरोखरच काही नव्हतं, त्या नावाची ओळखही नव्हती.

"कोण वसंता?" तिनं विचारलं.

आणि गडहिंग्लजची गाडी चुकंल म्हणून ती चालायला लागली.

गल्ली सरळ होती. ती मधोमध चालत होती, सावकाश. तिचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला असणार. ती जसजशी पुढं जात होती तसतशी दोन्ही बाजूंची दारं लागत होती. धाडकन नाही, हळूच. एका बाईनं अंगणातल्या पोरीला दंडाला धरून आत ओढलं. कुणी खिडकीचा पडदा सारला. नीलाक्का इकडं तिकडं बघत नव्हती. तिला याची सवय झालेली असावी.

गल्लीच्या टोकाला शेवटच्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. ती आत गेली नाही. नीलाक्का जवळ येताच तिनं लुगडं गोळा केलं, जराशी सरकली आणि पायरीवर जागा करून दिली. नीलाक्का तिच्याशेजारी बसली. म्हातारीनं तिच्या कानाशी तोंड नेऊन काही बोलायला सुरुवात केली. लांबून शब्द कळत नव्हते. आपल्या वेळी काय म्हणायचं ते सांगून ठेवत असावी. नीलाक्का मान खाली घालून ऐकत होती, आणि मधूनमधून होकार देत होती.

तेवढ्यात मुलाची गाडी गल्लीत वळली, आणि मला आतून हाक आली.